पॉलिश केलेली रायफल

ओहायोतल्या प्रदर्शनात जुन्या लष्करी रायफलींचं दुकान मांडून बसलेला व्हर्लिन तसा तोंडाचा फटकळच. डगनं आपल्या दिवंगत वडिलांकडची, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली रायफल विकायला टेबलावर ठेवली आणि व्हर्लिनचं डोकं फिरलं. लाकडी दस्ता घासून आरशासारखा चकचकीत केलेला.

"हे कुणी केलं? दीडशे वर्षांत चढलेला रंग खरवडून टाकलात, सरकारी शिक्काही गेला. संग्राहक त्याचेच पैसे मोजतात. तीन हजार डॉलरची वस्तू, आता सहाशेच्या वर कुणी देणार नाही."

"एवढ्यासाठी गाडी हाकत आलो होय," डग पुटपुटला. "आई, राहू दे घरीच." आणि तो कॉफी आणायला गेला.

त्याची आई अर्लीन हिनं व्हर्लिनचा हात घट्ट धरला. "फार उपकार झाले रे बाबा."

"उपकार? मी तर भाव पाडला."

"तू सांगितलंस म्हणून त्याला पटलं. आमचे हे नेहमी म्हणायचे, हिला घासूनपुसून पॉलिश केलंस तर कुणी विकत घेणार नाही." तिनं रायफल पुन्हा गोधडीत गुंडाळली. "घासून घासून खांदे भरून आलेत बघ."