तार तोडण्याचा समारंभ

वाटण्या झाल्या तेव्हा विहीर अर्धी झाली, अंगण अर्धं झालं, पितळेची भांडीही निम्मी निम्मी झाली. विजेचा मीटर तेवढा अर्धा होईना. तो थोरल्या भावाच्या भिंतीवर राहिला आणि तिथून एक तार धाकट्याच्या, म्हणजे शिंप्याच्या खोलीत आली.

गेली सतरा वर्षं शिंपी त्या तारेवर मशीन चालवत होता आणि तारेबरोबर थोरल्याचं ऐकूनही घेत होता. थोरला निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची खोड काही सुटली नव्हती. "अजून मशीन चालूच?" भिंतीपलीकडून विचारणा व्हायची. "दोन दोन दिवे कशाला?" बोलणं एवढंच, पण शिंप्याच्या जिव्हारी लागायचं. बरं, थोरला माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही, त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं. आयुष्यात एकदा तरी कुणाला जाब न देता पंखा लावावा, एवढीच शिंप्याची इच्छा होती.

म्हणून त्यानं छपरावर सोलर बसवून घेतलं.

"काका, बॅटरी घ्यायची का?" सोलरवाल्यानं विचारलं.

"छे! पुन्हा कशाच्या तरी ओंजळीनं पाणी प्यायचं? मला थेट सूर्याकडूनच हवं."

"मग बाहेरून येणारी लाइन चालू असली तरच हे चालेल, बरं का."

शिंप्यानं मान डोलावली. त्याचं लक्षच नव्हतं. तार तोडताना करायच्या भाषणाची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता.

दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं थोरल्याला बोलावून घेतलं.

"दादा, आजपासून तुमची तार नको. आजवर दिलीत, उपकार झाले." भाषण खरं तर बरंच लांब होतं, पण थोरल्यासमोर उभं राहिल्यावर एवढंच आठवलं.

"बरं," थोरला म्हणाला. "तोडतोस कशानं?"

इथं पंचाईत झाली. घरात कात्र्या चार होत्या. पण कापडाच्या कात्रीला शिंपी कागदसुद्धा लावू देत नसे, तिथं तार कुठली! शेवटी पक्कड थोरल्याकडूनच आली. "थांब, आधी मेन बंद करतो. नाहीतर चिकटून बसशील," म्हणत मेनही त्यानंच बंद केला. मग शिंप्यानं कचकन तार तोडली आणि ऐटीत खोलीत शिरला.

पंखा बंद. मशीन गप्प. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि भिंतीवरच्या सोलरच्या डब्यावर लाल दिवा लागला होता.

त्यानं सोलरवाल्याला फोन लावला.

"सांगितलं होतं ना, काका? लाइन गेली की हेही आपोआप बंद पडतं. तार जोडा, लगेच सुरू होईल."

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "म्हणजे सूर्यसुद्धा मोठ्या भावोजींना विचारूनच येतो तर!"

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तसाच चालू ठेवून तो परत भिंतीपाशी गेला. "दादा, जोडून द्याल का?"

थोरला हसला नाही. हसला असता तर निदान रागावता आलं असतं. त्यानं तारेची टोकं सोलायला घेतली.

एवढ्यात फोनमधून सोलरवाला ओरडला, "आणि काका, तुमची जास्तीची वीज याच तारेनं पलीकडच्या घरालाही जाते हं!"

थोरल्याचा हात थांबला. त्यानं तारेकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि मग खाली बघत, घसा खाकरत म्हणाला, "मग दुपारचं मी पाणी चढवायला मोटर लावली, तर... तुझ्या मशीनला कमी नाही ना पडणार?"

थोरल्यानं कधीतरी असं अजिजीनं विचारावं, हेही शिंप्याच्या मनात कुठंतरी होतंच. त्या क्षणी आपली छाती फुगेल, असं शिंप्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात लाजच वाटली. उन्हात घामाघूम झालेला, तारेचं टोक धरून परवानगीसाठी ताटकळलेला भाऊ त्याला बघवेना.

"त्यात विचारायचं काय, दादा?" तो घाईघाईनं म्हणाला. "हवं तेव्हा लावा."

हेच शब्द थोरल्याच्या तोंडून ऐकायला तो स्वतः सतरा वर्षं थांबला होता.