मागच्या खोलीतले बासष्ट गप्पी

आमच्या दुकानात मासा आजारी पडला की त्याच्यापेक्षा माणसंच जास्त फडफडतात.

दुकान माझं आहे. नवरा गेल्यावर सहा टँकवर सुरू केलं, आज अठ्ठावीस आहेत. शाळा माझी चौथीपर्यंत, पण कुठला मासा उद्या उलटा होणार ते मी आज सांगते. मुलगा माझा खूप शिकलाय, तो परवा सांगतो.

माझ्याकडे एक नियम आहे. बाहेरून आलेला मासा पंधरा दिवस वेगळ्या टँकमध्ये राहणार, त्याची जाळी वेगळी, त्याची बादली वेगळी. मुलाने नवे निळ्या पट्ट्यांचे मासे आणले आणि पिशवी उघडून थेट सुनेच्या टँकमध्ये ओतली. का, तर तिथला दिवा चांगला आहे, फोटो झकास येतो. फोटो झाल्यावर मासे परत काढणार होता. फोटो खरंच झकास आला. मासे काढायचे राहिले.

आठवड्याने सुनेने मला मागच्या खोलीत बोलावलं.

“आई, जरा जवळून बघा. शेपटीवर.”

चष्मा लावला. लाल शेपटीवर बारीक मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके. दोन मासे खड्यांना अंग घासत होते, कुत्रं भिंतीला घासतं तसे.

“किती जणांना?”

“अकरा. सकाळी सात होते.”

ही खोली म्हणजे आमच्या घरातलं कुरुक्षेत्र. सुनेने दीड वर्ष खपून दोन जोड्यांपासून हे गप्पी वाढवलेले. प्रत्येक वेतातून लाल शेपटीचे, काळा डाग नसलेले तेवढे निवडायचे, बाकीचे पुढच्या दुकानात विकायला. असे बासष्ट झाले होते, आणि ते मेले तर बाजारातून विकत आणता येत नाहीत, कारण ते बाजारात नाहीतच. मुलाला त्या खोलीत सोफा हवा होता. गिऱ्हाईक सोफ्यावर बसेल, टँककडे बघेल, ‘अनुभव’ घेईल. मी दोघांना समोर बसवून निकाल दिला होता: इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी मोठ्या नर्सबाई गप्पी बघायला येणार आहेत. त्यांनी घेतले तर खोली सुनेची. नाही घेतले तर सोफा.

आणि आता सोफा मिशीतल्या मिशीत हसत होता.

सुनेने हीटर हळूहळू चढवला, हवेचा पंप वाढवला, फिल्टरमधला कोळसा काढून डब्यात ठेवला आणि ड्रॉपरने थेंब मोजून निळं-हिरवं औषध टाकलं.

“कोळसा का काढलास?”

“तो औषध शोषून घेतो, आई. पाणी स्वच्छ दिसतं, पण औषध त्यात उरतच नाही.”

मी ‘बरं’ म्हटलं. सुनेच्या बोलण्याला मी ‘बरं’ म्हणते ते ऐकण्यासाठी नाही, संपवण्यासाठी.

मग तिने मला त्या किड्याची सगळी कुंडली सांगितली. तो माशाच्या कातडीखाली घर करतो, तिथे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की गळून तळाला पडतो, स्वतःभोवती कवच करतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते शेकडो नवा मासा शोधत पोहत सुटतात. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्याला. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही.

मला हे लगेच पटलं. आमच्या नात्यात असे दोघे-तिघे आहेत.

मुलाने मात्र मत्स्यप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांना आणलं. या गृहस्थांच्या घरी एक टँक आहे आणि त्यात प्लास्टिकचा खेकडा आहे. त्यांनी काचेला नाक लावून पाच मिनिटं पाहिलं.

“काकू, यांना ताण आहे.”

“कुणाला, माशांना?”

“माशांना. आजकाल ताण फार वाढलाय. आपण एक समिती नेमू.”

समितीत अध्यक्ष आणि माझा मुलगा. सुनेला घेतलं नाही, ती कामात होती.

चौथ्या दिवशी ठिपके गायब. एकही नाही. मुलाने मंडळाच्या ग्रुपवर ‘समितीच्या प्रयत्नांना यश’ असं टाकलं. अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून आले, टँकजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि संकटाच्या काळात नेतृत्व कसं असावं यावर बोलले. सून मागून म्हणत होती, “अहो, ते मेले नाहीत, खाली पडलेत फक्त. खरी वेळ आत्ताच आहे.” तिचं बोलणं ऐकायला अध्यक्ष थांबले, पण ते फक्त श्वास घ्यायला.

इथपर्यंत मी सगळ्यांना हसत होते. यापुढचं सांगायला मला जड जातं, तरी सांगते.

मंगळवारी सून तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तेवढ्यात नर्सबाईंचा निरोप आला, उद्याच येतो म्हणून. मी मागच्या खोलीत गेले. पाणी शाईचं पेन धुतल्यासारखं. तीस वर्षांत माझ्या दुकानात कुणी गढूळ पाणी पाहिलेलं नाही. ठिपके गेलेत, म्हटलं, आता कशाला हे सोंग. नवा कोळसा धुतला, कपड्याच्या पिशवीत बांधला आणि फिल्टरमध्ये स्पंजच्या मागे सारला. संध्याकाळपर्यंत पाणी असं झालं की टँकमध्ये पाणी आहे की नाही ते हात घालून बघावं.

औषधाचा रंग उजेडात तसाही उतरतो. त्यामुळे सुनेला संशय आला नाही. ती रोज नेमाने थेंब टाकत राहिली आणि माझा कोळसा रोज नेमाने ते पीत राहिला.

नर्सबाई आल्या, म्हणाल्या, “काय स्वच्छता आहे. वीस तरी द्या आम्हाला.” दोन आठवड्यांनी न्यायचे ठरलं. मी पदर नीट केला.

शुक्रवारी सकाळी ठिपके परत आले, या वेळी सगळ्यांवर. तीन मासे तळाला आडवे. त्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते. आणि मी शुक्रवारचा पूर्ण दिवस गप्प बसले. दाणे टाकले, काचा पुसल्या, गिऱ्हाईकाला टाकीचं झाकण विकलं.

शनिवारी मुलगा बादली आणि ब्लीचची बाटली घेऊन आला, मागे अध्यक्ष.

“औषधच भिकार,” मुलगा म्हणाला. “सगळे काढून टाकू. टँक धुऊन कोरडा करू. नाहीतर बाकीच्या सत्तावीस टँकना लागेल.”

“नव्याने सुरुवात,” अध्यक्ष म्हणाले. “यातही एक संधी असते.”

सून स्टुलावर बसली होती. हातात ड्रॉपर, समोर चमचा. थेंब मोजत होती. मोजून झाले की ओतायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

“वीस थेंबांचा एक एमएल होतो ना, आई?” मला तिसऱ्यांदा विचारत होती. “लिटर काढताना खड्यांची जागा मी वजा केली. जास्त वजा झाली असेल. माझंच माप चुकलं.”

मी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

ती उठली, ड्रॉपर धुऊन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “काढा.”

मुलाने जाळी उचलली.

मी पुढे झाले, फिल्टर उघडला, पिशवी काढली आणि अध्यक्षांच्या समोर टेबलावर आपटली. त्यांच्या शर्टावर काळे शिंतोडे उडाले. त्याला माझा इलाज नव्हता.

“हा मी घातला. मंगळवारी दुपारी.”

“आई, तू?” मुलगा म्हणाला.

“हो, मी. कानात बोळे घातलेत का?”

“पण काकू, कोळशाने तर पाणी शुद्ध होतं,” अध्यक्ष म्हणाले.

“औषधही शुद्ध होतं त्याने. बाटलीवर लिहिलंय. मंडळात कुणाला वाचता येत असेल तर बघा.”

सुनेने पिशवी हातात घेतली. मला वाटलं आता ती मला सोडत नाही. तिने सोडायला नकोच होतं. पण ती परत स्टुलावर बसली आणि हलकेच म्हणाली, “म्हणजे माप बरोबर होतं.”

इतकंच. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

राग नंतर आला. दोन दिवस ती माझ्याशी फक्त आकड्यांत बोलली. “तीस.” म्हणजे पाण्याचं तापमान. “एक तृतीयांश.” म्हणजे तळातली घाण ओढत तेवढं पाणी बदला. मी बदलत होते. तीस वर्षं हुकूम सोडणारी बाई पाइप तोंडाला लावून घाण पाणी ओढत होती आणि मुलगा ते बघत दारात उभा होता, तर त्याच्याही हातात बादली दिली. ठिपके पाचव्या दिवशी गेले. यावेळी कुणी फोटो काढला नाही. औषध त्यानंतरही चालू राहिलं.

बासष्टातले चव्वेचाळीस वाचले. नर्सबाईंना आणखी आठवडाभर थांबवलं, मग वीस दिले. मुलाने आधीच मागवलेला सोफा आला होता, तो अध्यक्षांना दिला. ते त्यावर बसून प्लास्टिकच्या खेकड्याकडे बघतात.

मागच्या खोलीच्या दारावर सुनेने कागद चिकटवलाय. मी तो उभ्याने, सावकाश, शेवटपर्यंत वाचला. फिल्टरला कुणी हात लावायचा नाही, असं आहे. ‘कुणी’च्या खाली रेघ आहे. अक्षर काही फार चांगलं नाही, तसं मी तिला सांगितलंही.

काल आत डोकावून म्हटलं, “येऊ का?”

ती मागे न बघता म्हणाली, “हात धुऊन या.”

गेले, धुतले.