दारापेक्षा मोठी कणगी

मी एक जुनी कणगी आहे. जुनी, पण अजून पुरी न झालेली! माझ्या तोंडाचा काठ बांधायचा राहून गेला आहे. तो कसा राहिला, तेच सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरी तांदूळ डब्यात मावतो. साखरशेत गावच्या पुंजाला मात्र वर्षाचे भात साठवायला बांबूची मोठी कणगी लागे. एकोणीसशे शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्याने मला विणायला घेतले. घरात अंधार होता, म्हणून तो अंगणात उन्हाला बसला. येणारेजाणारे थांबून म्हणत, "मोठी बांधतंस रं पुंजा!" कौतुक ऐकले की तो माझे पोट आणखी रुंद करी. खरे सांगू? मलाही ते आवडे. मग त्याने मला शेणामातीने लिंपून उन्हात वाळवले आणि मी अगदी टणक झाले. आता फक्त तोंडाचा काठ बांधायचा होता.

तिकडे त्याची बायको धोंडीबाई घर सजवत होती. करवीच्या काठ्या बांधून केलेल्या भिंतीला आमच्याकडे कूड म्हणतात. तो कूड ती नव्याने लिंपत होती, कारण लेक ममता लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी यायची होती. भिंत इतकी गुळगुळीत झाली होती की हात फिरवत राहावे.

आणि एका दुपारी अवचित आभाळ भरून आले. मळलेले भात खळ्यावर उघडे पडले होते. ते भिजले तर वर्षाचे खाणे गेले. घरात ओतावे, तर जमीन त्याच दिवशी सारवलेली, ओलीच! पुंजाचा मुलगा हेमंत जव्हारच्या एका कचेरीत कारकून होता. तो सुट्टीवर आला होता. बापलेकांनी मला उचलून दाराशी नेले आणि मी अडकले. उभी धरली, आडवी धरली, पण माझे पोट काही दारातून जाईना. इतके दिवस विणले, पण दार मापायचे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते!

"बाबा, हिला उभी चिरू. आत नेऊन परत बांधू," हेमंत म्हणाला.

"चिरली त मंग धान धरल काय ती?" पुंजा कळवळून म्हणाला. पण ढग गडगडले आणि त्याने कोयता उचलला. माझा तर जीवच गेला.

तेवढ्यात धोंडीबाई मातीचे हात घेऊन धावत आली. "अवो, ती नका चिरू. माझा कूड सोडा."

"अगं, पण कालच लिंपलास ना तो?"

"लिंपन परत. चिरलेली कणगी जुळंल काय?"

एवढे बोलून तिने स्वतःच भिंतीवरच्या ओल्या मातीत हात घातला आणि ती ओरबाडून काढली. पुंजाने कोयता खाली टाकला. त्याने काठ्यांचे बंध भराभर सोडले, काठ्या बाजूला केल्या आणि मी ऐटीत घरात शिरले. दगडांवर मला उभी करून सगळ्यांनी टोपल्या ओतायला सुरुवात केली. शेवटची टोपली माझ्या पोटात पडली आणि कौलांवर थेंब वाजू लागले. हुश्श!

दुसऱ्या दिवशी ममता आली, तर भिंतीच्या जागी नुसत्या काठ्या! ती पोट धरून हसली. मग पदर खोचून आईबरोबर लिंपायला बसली. नव्या लुगड्यावर माती उडाली, ती तिने झटकलीही नाही.

राहिला माझा काठ. पुंजा म्हणे, "रिकामी झाली का बांधतो." पण मी रिकामी होई तेव्हा शेतीची कामे सुरू झालेली असत. अशी किती वर्षे गेली! हल्ली भात पोत्यांतच राहते. माझ्यात कोंबडी अंडी घालते आणि मला करमत नाही.

तरी मित्रांनो, एक मागणे आहे. कुणाच्या हातचे काम वाटेत अडले, तर लगेच कोयता उचलू नका. आपले काही सोडता येते का, ते आधी बघा. धोंडीबाईने आपली भिंत सोडली, म्हणून मी आज अख्खी आहे.