खुर्ची न पुसणारी बाई

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे जाणकार म्हणत. हे नाव काट्यांवरून पडलं नव्हतं. काटे त्याच्यापेक्षा चांगले जुळवणारे दोघेतिघे तिथे होते. नाव पडलं सिनेमांवरून. दुपारी डबे उघडले आणि कोणी पाहिलेल्या सिनेमाचा विषय काढला, की माना त्याच्याकडे वळायच्या. "जाणकार, तुमचं काय म्हणणं?" मग तो तोंडातला घास सावकाश संपवायचा आणि असं एखादं वाक्य टाकायचा, की पॅकिंगवाल्याचा हात डब्यातच थांबायचा.

ती वाक्यं त्याची नव्हती. त्याच्या बायकोची होती.

बायको कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. काचेपलीकडे माणूस हेडफोन लावून बसतो, आवाज आला की बटण दाबतो. ती अलीकडून एकेक आवाज सोडते. बरेच जण ऐकू आलं नाही तरी लाजेपोटी बटण दाबतात, त्यामुळे बटणापेक्षा चेहऱ्याकडे बघायची तिला सवय लागलेली. घरी सिनेमाही ती तसाच बघायची, मांडीवर उशी घेऊन, चकार शब्द न काढता. जाणकार शेजारी बसायचा आणि सुरुवातीची नावं संपेपर्यंत मान टाकायचा. सिनेमा संपला की ती त्याला हलवायची, आणि मग जेवणाची तयारी करता करता बोलायची. तेवढं मात्र तो टक्क जागा राहून ऐकायचा.

पहिल्यांदा झालं ते खरंच नकळत झालं. मिठागरात काम करणाऱ्या बायकांवरचा एक माहितीपट होता. ती म्हणाली होती, "कॅमेरा घेऊन कोणी घरात आलं की माणसं आधी खुर्ची पुसतात. ती म्हातारी पुसत नाही. मिठाचा पांढरा थर तसाच, आणि ती खुशाल बस म्हणते. म्हणजे सिनेमावाले तिच्याकडे इतके दिवस राहिले असणार की पाहुणे उरलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी हेच त्याच्या तोंडून गेलं. 'आमच्या घरात बोलणं झालं' असं पुढे जोडायचं त्याच्या जिभेवर होतं. पण तेवढ्यात मॅनेजरने चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "वा. हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि दिसलं नाही." त्या 'वा'ला मध्ये तोडणं जाणकाराच्या जिवावर आलं. राहिलं ते राहिलं.

मग ते अंगवळणीच पडलं. लढाईवरून परतलेल्या शिंप्याचा एक जुना कृष्णधवल सिनेमा होता, त्यावरही त्याने सांगितलं, "दार वाजल्यावर ती बाई केस सारखे करत नाही, हात पुसते. नवऱ्यासाठी नाही, गिऱ्हाईक आलं म्हणून दार उघडायला जाते." त्या सिनेमात तो दार वाजण्याआधीच झोपला होता. हिशेबनीस बाईंनी त्या रात्री तो सिनेमा मुद्दाम पुन्हा लावला आणि सकाळी येऊन म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तस्सं आहे." जाणकाराने नम्रपणे मान खाली घातली. नम्रपणा तेवढा त्याचा स्वतःचा होता.

पुढे मॅनेजरने नवं घर घेतलं आणि एका रविवारी दुपारी सगळ्यांना जोडीने चहाला बोलावलं. बायकोला नेताना जाणकाराच्या मनात शंकाही आली नाही, इतका तो निर्ढावला होता. ती नवी साडी नेसली होती. "तुझी माणसं सिनेमावर बोलतात म्हणे," ती वाटेत म्हणाली. "आमच्या दवाखान्यात कोणी बोलत नाही रे. सगळे ओरडतात."

मॅनेजरच्या बैठकीच्या खोलीत अजून खोकी तशीच होती. चहा आला. कोणीतरी माहितीपटांचा विषय काढला. खरं आयुष्य दाखवायचं म्हणजे काय, कॅमेरा लावला की खरं उरतं का, असं चाललं होतं. बायको ऐकत होती. तिचे डोळे चमकायला लागलेले जाणकाराला दिसले आणि तेव्हा कुठे आपली वाक्यं कोणाची आहेत ते त्याला आठवलं.

"मी एक बोलू का?" ती म्हणाली. "तो मिठागराचा सिनेमा आहे ना. त्यातली म्हातारी खुर्ची पुसत नाही बघा. कॅमेरा घरात आला की माणसं..."

पॅकिंगवाला हसायला लागला. वाईट माणूस नव्हता तो, हसरा होता. "वहिनी, पेपर फुटलाय. हे आम्हाला जाणकारांनी कधीच सांगितलंय."

"घरीसुद्धा शिकवणी घेतात वाटतं," मॅनेजर म्हणाला. "पण वहिनींनी पाठ छान केलंय हं. शब्दाला शब्द."

सगळे हसले. हिशेबनीस बाईही हसल्या. बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. समोरचा आता बोलेल असं धरून माणूस जसं बघतो, तसं ती बघत होती. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की अहो, हे तिचंच आहे. जाणकाराने बशीतलं बिस्कीट उचललं. ते चहात बुडवलं. ते मोडून कपात पडलं आणि तो चमच्याने ते काढत बसला.

"हो," बायको म्हणाली. "यांच्याकडूनच ऐकलं असेल मी."

नंतर ती दुपारभर बोलली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती गप्प स्वभावाची असेल असं सगळे धरून चालले.

घरी आल्यावर भांडण होईल म्हणून जाणकार तयारीत होता. भांडण झालं नाही. तिने साडी घडी करून ठेवली, दुसऱ्या दिवशीचा त्याचा डबाही भरला. पुढच्या आठवड्यात दोघांनी एक सिनेमा पाहिला. या वेळी तो भीतीने जागा राहिला. संपल्यावर ती उठली.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"बरा होता."

त्याच्या पुढचा सिनेमाही बरा होता. त्याच्या पुढचाही. घरात शब्दांचा दुष्काळ पडला असं नव्हतं. भाजी, वीज, तिच्या आईची गुडघेदुखी, सगळ्यावर ती बोलायची. फक्त ती एक खिडकी तिने आतून लावून घेतली होती.

शेवटी त्याच्याच्याने राहवेना. ती कपडे इस्त्री करत होती. "मी तुझी वाक्यं तिथे माझी म्हणून सांगत होतो," तो म्हणाला.

"कळलं मला ते."

"चुकलंच माझं."

तिने इस्त्री उभी ठेवली. "वाक्यं नेलीस त्याचं एवढं नाही रे. घरातलीच वस्तू ती. उलट क्षणभर मला बरंच वाटलं, की माझं बोलणं तिथपर्यंत पोचलं. पण ते सगळे मला हसत होते आणि तू बिस्कीट काढत होतास." मग तिने शर्टाची कॉलर पसरली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर जाणकाराने घसा खाकरला. "तुम्हाला एक सांगायचंय. सिनेमाबद्दल मी जे बोलत आलो, ते सगळं माझ्या बायकोचं आहे. मी बहुतेक वेळा झोपलेला असतो."

मॅनेजर मोठ्याने हसला. "याला म्हणतात नवरा. त्या दिवशी आपण वहिनींची थट्टा केली, ती भरून काढतोय बघा."

"खरं सांगतोय मी."

"अहो, कळलं," पॅकिंगवाला म्हणाला. "मोठं मन आहे तुमचं."

खोटं बोलून मिळाली नव्हती एवढी वाहवा खरं बोलून जाणकाराच्या पदरात पडत होती, आणि ती परत करायला जागा नव्हती. घास तोंडात फिरत राहिला.

डबा धुवायला तो नळावर गेला तेव्हा हिशेबनीस बाई मागून आल्या. त्या बराच वेळ झाकणच घासत राहिल्या.

"खरं आहे ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे त्या स्वतःचंच बोलत होत्या, आणि आम्ही त्यांना हसलो."

"हो."

"आम्हाला तरी माहीत नव्हतं," हिशेबनीस बाई म्हणाल्या, आणि नळ बंद केला. मग कोरड्या आवाजात त्यांनी बायकोचा नंबर मागितला.

त्या दोघी आता शनिवारी दुपारच्या खेळाला जातात. हिशेबनीस बाईंनी फोनवर माफी मागितली म्हणे. काय बोलल्या ते बायकोने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. कारखान्यात त्याला अजून जाणकारच म्हणतात. सिनेमाचा विषय निघाला की तो "मी पाहिला नाही" म्हणतो, आणि लोकांना वाटतं, मोठा माणूस आहे, उगीच बोलत नाही.

एका शनिवारी बायको सिनेमाहून आली ती हिशेबनीस बाईंशी जिन्यातूनच बोलत, हसत आली. बाई खालूनच परत गेल्या. दार उघडताना जाणकाराने विचारलं, "कसा होता?"

ती चप्पल काढता काढता थांबली. "तू बघून ये. मग बोलू."

तो गेला. एकटा, दुसऱ्या दिवशी दुपारी, रिकाम्या रांगेत. पोस्टमनच्या म्हातारपणाचा सिनेमा होता, संथ. दोनदा पापण्या जड झाल्या तेव्हा त्याने उठून मागे उभं राहून पाहिला. घरी येऊन म्हणाला, "मला तो मुलगा आवडला नाही. बापाला सारखा सांभाळून घेतो. खोटा वाटला."

"मला नाही तसं वाटलं," बायको म्हणाली. ती खुर्चीत बसली. "तो सांभाळून घेत नाही, घाबरलेला आहे. बाप पत्ता विसरतो ना, तेव्हा मुलाकडे बघ. त्याला पत्ता माहीत असतो, तरी तो..."

मध्येच ती थांबली. "हे उद्या डब्यावर नाही ना जायचं?" तिने विचारलं. विचारलं हसूनच.

"नाही," जाणकार म्हणाला. कानांच्या पाळ्या तापल्या त्याच्या.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, दवाखान्यात काचेतून बघते तसं. मग पुढचं सांगायला लागली.