मला वेळेवर फेकलं असतं तर

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे आणि मला त्याची लाज वाटते. जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुनी सायकल मोठ्या अभिमानाने आपलं वय सांगतात. त्यांचं ठीक आहे. माझ्यासारख्याला म्हातारं व्हायची परवानगीच नसते. 'एकदाच वापरा आणि टाकून द्या' असं माझ्या पाकिटावर ठळक छापलेलं होतं. तरी मी म्हातारा झालो. कसा झालो ते ऐका, आणि सांगताना माझा आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका.

मला एक दांडी आहे, टोकाला छोटंसं चाक आहे आणि त्या चाकावर पाचशे चाळीस सुया आहेत, केसाहून बारीक. चेहऱ्यावर मला फिरवलं की कातडीला बारीक भोकं पडतात. मग कातडी स्वतःच स्वतःला सांधायला लागते आणि मुरुमांचे जुने खड्डे हळूहळू भरत येतात. ह्याला मायक्रोनीडलिंग म्हणतात. काम चांगलं आहे. फक्त सुया कोऱ्या हव्यात आणि हात जाणता हवा.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला ज्योत्स्नाताईंचं पार्लर आहे. जवळच्या बंगल्यात सुट्टीला आलेल्या एका बाईंसाठी तिथे माझं पाकीट फुटलं. वीस मिनिटांत काम संपलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण ज्योत्स्नाताईंनी मला नळाखाली धरलं, औषधाच्या पाण्यात बुडवलं, टिश्यूत गुंडाळलं आणि एका डबीत ठेवलं. "एवढी छान वस्तू, टाकवत नाही बाई," असं स्वतःशीच म्हणाल्या.

घरोघरी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात, चिक्कीच्या रिकाम्या डब्यांत डाळ भरतात. त्याला मी नावं ठेवत नाही. पण डाळीच्या डब्यातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जात नाही. माझ्यातून जातं. पुढे किती चेहऱ्यांवरून मला फिरवलं, ते सांगायलाही मला नको वाटतं. सुया वाकल्या. वाकलेली सुई भोक पाडत नाही, ओरबाडते. आणि कितीही बुडवा, सुयांच्या बुडाशी बसलेलं निघत नाही. मला सगळं कळत होतं आणि बोलायला तोंड नव्हतं.

मग नूर आली. देहूरोडच्या दस्तगीरभाऊंची ही मुलगी, लोणावळ्याच्या बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. गालांवर मुरुमांचे खड्डे होते. "गिऱ्हाइकासमोर चेहरा नीट लागतो," असं म्हणून मालकाने तिला मागे शेंगदाणे भाजायच्या भट्टीपाशी पाठवलं. ज्या मुलीला अख्ख्या दुकानाचे भाव तोंडपाठ, तिला धुरात बसवलं. तिला आपला काउंटर परत हवा होता. दुसरं काहीच मागणं नव्हतं.

ज्योत्स्नाताईंनी काय करायचं, काय टाळायचं ते कागदावर लिहून दिलं. नूरने त्यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. पंधरा दिवस मुरुमांची क्रीम बंद, ब्लीच नाही, ओढणी बांधल्याशिवाय उन्हात पाऊल नाही. गालावर एक ताजी पुटकुळी दिसली तेव्हा तिने आपणहून फोन करून तारीख आठ दिवस पुढे ढकलली. इतकी शहाणी मुलगी, आणि तिच्या नशिबी मी, डबीतला.

बधिर करायची क्रीम लावून ती डोळे मिटून पडली होती. डबीचा आवाज झाला तेव्हा तिने विचारलं, "ताई, नवीन आहे ना?"

"अगं, एकदम स्वच्छ आहे."

प्रश्न काय आणि उत्तर काय, बघा जरा. पुढे माझं चाक तिच्या गालांवरून फिरलं. मी थांबू शकलो नाही.

नंतरची पथ्यंही तिने पाळली. आठ दिवस रजा घेतली, भट्टीची धग नको म्हणून. साबण नाही, पावडर नाही, उशीचा अभ्रा रोज नवा. चुलतबहिणीच्या हळदीतसुद्धा ती लांब बसली, कुणी गालाला हळद लावू नये म्हणून. तरी चौथ्या दिवशी गालांवर पुवाचे फोड आले, माझ्या चाकाच्या रेघांवर, ओळीने.

ओढणीत तोंड लपवून ती पार्लरमध्ये आली, तर ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "उन्हात गेली असशील. अभ्रा बदलत होतीस का?"

"रोज बदलला, ताई."

"मग तुझी स्किनच तशी आहे, त्याला मी काय करणार?"

आणि नूरला ते खरं वाटलं. मान खाली घालून "माझंच काहीतरी चुकलं असेल" असं म्हणत ती गेली. माझा सगळ्यात जास्त संताप झाला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. दस्तगीरभाऊंनी दारातच विचारलं, "ताई, सुयांचं पाकीट कुटंय?"

"पाकीट कोण ठेवतं हो, भाऊ?"

"मंग सुया दाखवा."

डबी टेबलावरच होती. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि वाकलेल्या सुयांवरून नजर फिरवली.

"मी न्हावी हाय, ताई. दाढी करायची तर गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड काढतो आन् झाल्यावर त्येच्यासमोरच मोडतो. माजा वस्तरा नुसता वरनं फिरतो. तुमी तर भोकं पाडताय."

"दरवेळी धुते मी. आजवर कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला आदी कळाय तर पायजे."

"म्हणजे अब्बा, माझं काही चुकलं नव्हतं?" नूरने विचारलं.

"न्हाई गं. तुजं काय बी न्हाई." एवढं बोलून त्यांनी मला कागदात गुंडाळलं आणि तिघं मिळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाल्या, फोड जातील, पण काळे डाग वर्षभर राहतील, आणि तोवर भट्टीपाशी जायचं नाही. म्हणजे काउंटर नाही आणि भट्टीही नाही. "नवीन आहे का, हे नीट विचारलं नाहीस?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर नूर म्हणाली, "एकदा विचारलं होतं. परत विचारलं तर ताईंना वाईट वाटेल, असं वाटलं."

डॉक्टरांकडच्या, वापरलेल्या सुया टाकायच्या जाड डब्यात आता मी पडणार आहे. तेव्हा मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला मोडा आणि टाका. कुणी तुमच्याजवळ सुई आणली तर डोळे उघडे ठेवा आणि पाकीट समोर फोडायला लावा. उत्तर गोलमोल आलं तर परत विचारा, तिसऱ्यांदा विचारा, नाहीतर खुर्चीतून उठून घरी जा. समोरच्याला वाईट वाटेल. वाटू दे.