व्हर्नाचं पिस्तूल आणि पलीकडचा कायदा

व्हर्नाला नेवाडातलं रिनो गाव सोडायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट तिला पोटच्या पोरीला सांगता येईना, म्हणून तिने अख्ख्या कॅलिफोर्निया राज्याला मध्ये घातलं.

पोरगी म्हणजे हॉली, एकुलती एक. डोंगरापलीकडे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला राहते. गेल्या हिवाळ्यात व्हर्ना दारातल्या बर्फावर घसरून पडली, तेव्हापासून हॉलीचा रोज फोन. "आई, घर वीक आणि इकडे ये. मागच्या अंगणात तुझ्यासाठी खोली बांधून घेतलीय." व्हर्ना तिला "बघू गं, बघू" म्हणायची आणि फोन ठेवून माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. सिएरा डोंगरातला वारा, मंगळवारचा आमचा नेमबाजीचा क्लब, आणि मी (आता मी काही फार मोठा ऐवज नाही, पण चाळीस वर्षांची मैत्रीण आहे) हे सगळं सोडून तिला जायचं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने लेकीला "नाही" म्हणायला इतकं का घाबरावं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग एका मंगळवारी क्लबातला बंदूकवाला ड्वेन बोलून गेला, "व्हर्नाबाई, तिकडे जाणार म्हणता, पण हे पिस्तूल तिकडे नाही हं चालायचं."

व्हर्नाचं पिस्तूल इटलीचं, निव्वळ कागदावर नेम मारायचं. गोळी एवढीशी, वाटाण्याहून बारीक. पण त्याचं गोळ्या भरायचं मॅगझिन धरायच्या मुठीत नसतं, चापाच्या पुढे बसतं, म्हणजे हात स्थिर राहतो. नेमकं तेच पलीकडच्या कायद्याला खुपतं. मॅगझिन मुठीबाहेर दिसलं की ते पिस्तूल थेट लढाईच्या हत्यारांच्या पंगतीत. ऑलिम्पिकच्या काही पिस्तुलांना नाव घेऊन सूट दिलीय, पण व्हर्नाचं जुनं मॉडेल त्यात नाही. कान लांब आहेत म्हणून सशाला गाढव ठरवावं, तसला प्रकार.

मी ड्वेनवर भडकले. व्हर्ना मात्र अशी खुलली, जणू कुणी तिची ओटी भरली.

त्याच संध्याकाळी तिने माझ्यासमोर स्पीकरवर लेकीला फोन लावला. "हॉली, बाळा, माझी फार इच्छा होती गं. पण सरकारच नको म्हणतंय! पिस्तूल घेऊन आले तर मला आत टाकतील."

"मग विकून टाक ना ते."

"तुझ्या बाबांनी घेऊन दिलेलं? विकू?"

व्हर्नाने मला डोळा मारला. मला हसूही आलं आणि हॉलीची दयाही आली.

त्यानंतर हॉलीने विषयच काढला नाही. व्हर्ना निर्धास्त झाली, दारात नवीन गुलाब लावले. आणि वसंतात एका शनिवारी हॉली हजर! आम्हा दोघींना बास्क, म्हणजे स्पेनकडून आलेल्या मेंढपाळांच्या खानावळीत जेवायला घेऊन गेली. तिथे लांबलचक टेबलावर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, सूप आणि घेवड्याचं भांडं एकमेकांकडे सरकवायचं. घरच्या भानगडी काढायला याहून वाईट जागा नाही.

मटण आलं तसं हॉली म्हणाली, "आई, काम झालं. मी तुझ्यासाठी पिस्तूल घेतलं."

व्हर्नाचा काटा हवेतच राहिला.

"तसंच आहे, नवीन मॉडेल. कायद्यात त्याचं नाव आहे. मी सुरक्षिततेची परीक्षा दिली, कायद्याने थांबायचे ते दिवस थांबले, माझ्या नावावर घेतलं. तू तिकडची रहिवासी झालीस की रीतसर तुझ्या नावावर करू."

ही तीच हॉली, जी लहानपणी फटाका फुटला तरी टेबलाखाली शिरायची.

"पण मूठ..." व्हर्ना अडखळली. "मला माझ्या हातासाठी कोरलेली मूठ लागते."

"ड्वेनला विचारलं मी. तुझीच मूठ त्यावर बसते. दोन स्क्रू."

मी ड्वेनला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. व्हर्ना माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

शेजारचा मेंढपाळ म्हातारासुद्धा चावायचा थांबला.

"मला यायचं नाही, हॉली," व्हर्ना म्हणाली. "पिस्तुलासाठी नाही. मला इथंच राहायचंय."

हॉलीने डोळे मिटले. "म्हणजे इतके महिने मी तुला न्यायला कायदा वाचत होते, आणि तू न येण्यासाठी?"

"हो."

"सरळ का नाही सांगितलंस?"

"तू खोली बांधलीस गं! कुठल्या तोंडाने सांगू?"

हॉलीला रडू फुटलं. मोठी कंपनी चालवणारी बाई, पण घेवड्याच्या भांड्यावर मुसमुसत होती. "मला भीती वाटते, आई. परत पडलीस तर? उचलणार कोण?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

"ग्रेस मावशी, तुला स्वतःला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात."

खोटं नव्हतं. मी आणखी मटण वाढून घेतलं.

"आणि त्या पिस्तुलाचं आता मी काय करू?" हॉलीने नाक पुसलं. "मला ते धरतासुद्धा येत नाही."

"इकडे आण," मी म्हटलं. "गोळ्या वेगळ्या, पेटीला कुलूप. नेवाडाची काही ना नाही."

हॉलीने जरा विचार केला. "म्हणजे आईचं तिकडे येऊ शकत नाही. पण माझं इकडे येऊ शकतं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी लहान असताना दर मंगळवारी मला शेजाऱ्यांकडे टाकून क्लबाला जायचीस. एकदाही नेलं नाहीस."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

व्हर्नाने टेबलावरची भांडी बाजूला सारली, हॉलीचा उजवा हात ओढून घेतला आणि आपला तळवा त्यावर ठेवून बोट बोटाला लावून पाहिलं.

"माझी मूठ तुला नाही बसायची," ती म्हणाली. "तुझी बोटं बाबांसारखी लांब आहेत. तुझ्या हाताची नवीन कोरावी लागेल."

"किती वेळ लागतो त्याला?"

व्हर्नाने तिचा हात सोडला नाही. "पुष्कळ शनिवार लागतात," ती म्हणाली.