मुठीचं लाकूड

दोन्ही पेनं तिने खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून पाहिली आणि पुन्हा टेबलावर आणून ठेवली. मग चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

दोन्ही शिसवाची. सारख्याच जाडीची, एकाच दिवशी लेथवर कातलेली, एकाच मेणाने घासलेली. एक त्या कानटोपीवाल्या गृहस्थांसाठी, त्यांच्या वारलेल्या बायकोच्या काठीचं. दुसरं तिचं स्वतःचं, नवऱ्याच्या कातायच्या पटाशीच्या मुठीचं. कुठलं कुठलं, ते मात्र तिला सांगता येत नव्हतं.

"खूण नव्हती केलीस?" लेकीने विचारलं. ती कोपऱ्यात तयार पेनांचे फोटो काढत बसली होती. आताशा सगळी विक्री तिच्या फोनवरूनच चालायची.

"केली होती की. पेन्सिलीने. एकावर फुली, एकावर गोल."

"मग?"

तिने लेथखालच्या भुशाकडे बोट केलं.

लेकीने हसू दाबलं. "अगं आई, जी पाठ सोलायची तिच्यावरच खूण केलीस?"

"खुणा तुझे बाबा करायचे. मी नुसती घासायची."

बत्तीस वर्षं अशीच वाटणी होती. तो कातायचा, ती घासायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. लोक लाकूड घेऊन यायचे. कुणाकडे पाळण्याची दांडी, कुणाकडे वडिलांच्या खुर्चीचा हात, एकाने तर बुडालेल्या होडीचं वल्हं आणलं होतं. ठोकळ्याच्या पोटात पितळी नळी बसवायच्या आधी तो नळीत आतून सुईने ओरखडे काढायचा. एक, दोन, तीन, ज्याचे त्याचे.

"जुळी आहेत का ती, ओळख पटत नाही म्हणायला?" ती चिडवायची.

"आणि एकाचं माणूस दुसऱ्याच्या घरी गेलं म्हणजे?" तो मान वर न करता म्हणायचा.

कातायला उभा राहिला की आधी पटाशीची मूठ लेथच्या लोखंडावर टेकवायचा. टक, टक, टक. लाकडाला आलो म्हणून सांगावं लागतं, हे त्याचं त्यावरचं उत्तर. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण दुपारी पलीकडच्या खोलीत बसलेली असली की तिला तो आवाज अजून यायचा. छपराचा पत्रा तापला की वाजतो, असं लेक म्हणायची. पत्रा कधी चारदा का वाजत नाही, हे तिने लेकीला विचारलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मूठ उभी चिरली. तेल आणि घाम पिऊन काळी झालेली. फेकवेना, म्हणून तिने स्वतःच ती लेथवर चढवली, त्या काठीच्या पाठोपाठ.

"कुठलंही दे त्यांना," लेक म्हणाली. "त्यांना काय कळणार आहे?"

तिने दोन्ही पेनं नाकाशी नेली. दोन्हींना मेणाचा वास येत होता.

चारच्या सुमाराला कानटोपीवाले आले. उन्हातही टोपी कानावर ओढलेली. खुर्ची पुढे केली तरी ते उभेच राहिले.

"झालं का हो बाई? मुलगा परवा येतोय."

"झालंय. बसा आधी." तिने तबकात दोन्ही पेनं शेजारी शेजारी ठेवली आणि जे घडलं ते, भुशासकट, सांगून टाकलं. सांगताना हाताने तबकाची कड धरून होती. "यातलं एक तुमचं. कुठलं, ते मला ठाऊक नाही. म्हणून दोन्ही न्या. एकात नक्की त्या असतील."

"आणि तुमच्या यजमानांचं?"

"ते जाईल बरोबर. माझ्या चुकीने तुमच्या मुलाच्या हाती परकं लाकूड नको."

ते खुर्चीवर बसले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, ती काठी हिची नव्हती."

लेकीने फोन खाली ठेवला.

"भंगारातून आणली मी. हिचं होतं नव्हतं ते सगळं आठवड्याच्या आत वाटून टाकलं. चपलासुद्धा. घरात जिकडे बघावं तिकडे हीच दिसायची. आता मुलगा म्हणतो, आईच्या हातातली एखादी वस्तू द्या. काय देऊ त्याला? स्टीलचा एक डबासुद्धा ठेवला नाही मी."

त्यांनी टोपीची घडी घातली, मोडली.

"तुम्ही तुमचं द्यायला निघालात, म्हणून बोललो. नाहीतर नसतो बोललो. मला कुठलंही एक द्या."

म्हणजे आता चूक झालीच, तर ती तिच्या एकटीच्याच पदरात पडणार होती. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग तबक त्यांच्याकडे सरकवलं.

"तुम्हीच उचला."

त्यांनी न बघता डावीकडचं उचललं.

प्रत्येक डबीत लाकूड कुठलं ते लिहिलेली चिठ्ठी घालायची, हा नवऱ्याचा रिवाज. तिने कागद घेतला, थांबली आणि लिहिलं: शिसव. वापरातलं लाकूड.

त्यांनी वाचलं. "आईची काठी, असं नाही लिहिलंत."

"नाही."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि टोपी पुन्हा कानावर ओढून गेले.

उरलेलं पेन तिने खणात ठेवलं. त्या आठवड्यात ऊन कडक पडलं. पत्र्याखाली हात धरवेना इतका तो तापला. दुपारी ती पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची, हातातलं काम तसंच धरून. पत्रा वाजला नाही.

"काय ऐकतेस?" लेकीने एकदा विचारलं.

"काही नाही. पंखा कुरकुरतोय."

दीड-दोन महिन्यांनी कानटोपीवाले पुन्हा आले. हातात काही नव्हतं.

"मुलगा येऊन गेला," ते म्हणाले. "पेन खिशातून काढतच नाही. काढलं तर पत्र लिहायलाच. फोन असताना मला पत्रं पाठवतो आता." ते हसले, मग हसू तसंच राहून गेलं. "एक खोड लागलीय मात्र त्याला. लिहायला बसला की पेन आधी टेबलावर टेकवतो. तीनदा. म्हटलं, हे रे काय? तर म्हणतो, आईची सवय असेल, आली हातात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हिला असली सवय नव्हती, बाई."

तिचा हात खणाच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

"मागून घेऊ का त्याच्याकडून? सांगेन काहीतरी. एक खोटं पचलंय, दुसरंही पचेल."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली. तिने खणावरून हात काढला.

"पत्रं मोठी असतात?"

"दोन दोन पानं."

"मग राहू दे त्याच्याकडेच," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिने खण उघडला, पेन काढून पुसलं आणि विकायच्या तबकात इतर पेनांच्या शेजारी ठेवलं. चिठ्ठी लिहायला बसली.

"आई, हे विकतेस?" लेक उठून जवळ आली. "हे बाबांचं ना?"

"नाही गं. कुणाच्या तरी काठीचं आहे." तिने चिठ्ठीची घडी घातली. "पडून होतं भंगारात. नीट फोटो काढ त्याचा."